पाणी तिथीप्रमाणे

मालवणच्या बाजारात लोक मला समोरून 'नाना' म्हणतात, पाठीमागून 'दलाल' म्हणतात आणि व्यवहार फिसकटला की तिसरंच एक नाव घेतात. ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही. मी स्वतःला मध्यस्थ म्हणवून घेतो. एकाचं घर दुसऱ्याला विकायचं, आणि दोघांनीही आपणच फसलो असं समजून घरी जायचं, एवढीच आमची कला. दोघांपैकी एकच कुरकुरत गेला तर भाव चुकला असं समजावं.

सगळी मेख भावात आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, घराला भाव सांगायला काय लागतं? मालकानं तोंडाला येईल तो आकडा सांगायचा, गिऱ्हाइकानं त्याच्या निम्मा सांगायचा, दलालानं मध्ये कुठेतरी बोट ठेवायचं. अहो, इतकं सोपं असतं तर मी वकिलाकडची कारकुनी सोडून उन्हातान्हात लोकांच्या परसात माड मोजत कशाला हिंडलो असतो? आमच्या किनाऱ्यावर घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. भिंती चिऱ्याच्या की मातीच्या, वर मंगलोरी कौलं की गावठी नळे, परसात माड किती, त्यांतले धरते किती आणि नुसते उभे किती, वाट स्वतःची की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची, घराला हिस्सेदार किती आणि त्यांतले आपसात बोलणारे किती, हे सगळं आधी पाहावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी विहीर. पाणी गोड असेल तर पडकं घरही उभं राहतं.

भाव कमी सांगितला तर मालक बुडतो. जास्त सांगितला तरी मालकच बुडतो, फक्त हळूहळू. कारण विकायला काढलेलं घर म्हणजे टोपलीतला मासा. सकाळी त्याला सगळे विचारतात, दुपारी नाक लावून बघतात आणि संध्याकाळी लांबूनच जातात. घर चार-सहा महिने पडून राहिलं की लोक म्हणतात, 'थय काय तरी आसा.' मग त्या घरात कुणी कधी न पाहिलेली भुतं राहायला येतात आणि भाडंही देत नाहीत.

कमी भावाचं पाप मी आधीच करून चुकलो होतो. फोंडाघाटच्या बाजूला एका शाळामास्तरांचं घर होतं. मी भिंती ठोकल्या, अंगण पावलांनी मोजलं आणि अडीच हजार सांगून मोकळा झालो. घेणाऱ्यानं पंधरा दिवसांत छप्पर उतरवलं. धुरानं काळे पडलेले जे खांब आणि वासे मी फणसाचे समजलो होतो, ते उत्तम सागवान निघाले. नुसतं लाकूडच घराच्या किमतीहून जास्त भावानं गेलं, जमीन त्याला फुकट पडली. मास्तर भांडले नाहीत. बाजारात भेटले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "नाना, आजवर मी मुलांना बेरीज शिकवत आलो. वजाबाकी तुम्ही मला शिकवलीत."

माणसानं शिवी दिली तर ती आपण परत देऊ शकतो. हे वाक्य मला अजून कुणाला परत देता आलेलं नाही.

त्या दिवसापासून मी कमरेला चाकू बाळगू लागलो. खांब दिसला की खरवडायचा, कौल दिसलं की वाजवायचं, विहीर दिसली की पाणी चाखायचं. मी लहानपणी गावच्या दशावतारात कामं केलेली, त्यामुळे हे सगळं जरा नाट्यानंच व्हायचं. पाण्याची चूळ तोंडात फिरवून मी डोळे मिटत असे, आणि मालकाचं अख्खं कुटुंब श्वास रोखून माझ्या गळ्याच्या घाटीकडे बघत राही. वर जाईल की खाली येईल?

अशातच चंद्राकाकींचं पत्र आलं.

आचऱ्याच्या खाडीकाठी त्यांचं घर. नवरा होडी चालवायचा, तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. एकुलता मुलगा मुंबईत गोदीत नोकरीला. बायको-पोरांसह दुसऱ्याच्या खोलीत अर्ध्या जागेत राहायचा. त्याच चाळीत एक खोली रिकामी व्हायची होती. खोलीवाल्याची पागडी पाच हजार, आणि तो अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायला तयार होता. काकींना घर विकून ते पाच हजार हवे होते.

मी आचऱ्याला जाऊन विचारलं, "आणि खोली नाही मिळाली तर?"

काकी ओसरीवर सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "तरी जावचाच लागतला, नानानू. एकटी मी हय किती रवतलंय? पण खोली घेवन गेलंय तर सुनेच्या घरात माणूस म्हणान जातलंय. हात हलवत गेलंय तर सामान म्हणान. सामान खंय ठेवचा ता सून ठरयता."

असा सगळा मामला होता. मग मी घर बघितलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, बत्तीस माड, त्यांतले अठ्ठावीस धरते. खांब खरवडले, ते खरोखरच फणसाचे निघाले आणि मला उगाच हायसं वाटलं. मग विहीर. खाडी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे माझी आशा बेताचीच होती. खाडीकाठच्या विहिरी थंडी सरली की मचूळ होतात. मी चूळ भरली, डोळे मिटले. पाणी शहाळ्यासारखं! पुन्हा चूळ भरली, पुन्हा शहाळं. तेव्हा माघ महिना लागून आठ दिवस झाले होते. माघात खाडीकाठी गोड पाणी म्हणजे परसात सोन्याचा हंडा.

मी ओसरीवर येऊन एक पाय पायरीवर ठेवला, हात वर केला आणि जाहीर केलं, "काकी, सात हजार!"

काकींच्या हातातला अडकित्ता थांबला. "इतके? माका पाच पुरे."

"पाच तुम्हाला पुरे, पण घराला पुरे नाहीत. घराचा मान आहे की नाही?"

आता सांगतो, हा मान घराचा नव्हता, माझा होता. मास्तरांची वजाबाकी मला भरून काढायची होती, ती चंद्राकाकींच्या घरावर.

मग मी घर सजवायला घेतलं. अंगण सारवून घ्या, मोडकी खाट हलवा, भिंतींना चुना काढा. विहिरीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघोट्या होत्या. उभ्या रेषा, मध्येच गोळे, वर्षानुवर्षं ओढलेल्या ओळींवर ओळी. मला वाटलं परटाचा हिशेब असेल.

"हिलाही चुना," मी म्हटलं.

"थयसर नको," काकी म्हणाल्या. "ती ह्यांनी..."

"काकी, गिऱ्हाईक पहिल्यांदा विहिरीकडे जातं. तिथे ही काळी रेघाटी बघून ते काय म्हणेल?"

त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं, काढलं. मग म्हणाल्या, "तुमका कळता ता खरा." दुसऱ्या दिवशी भिंत बगळ्यासारखी पांढरी झाली आणि मी माझ्या नजरेवर खूश झालो.

धंद्यातला आणखी एक नियम सांगून ठेवतो, कारण पुढे तोच माझ्यावर उलटला. घर दाखवताना विकणाऱ्याला समोर ठेवायचं नाही. तो प्रेमापोटी नको ते बोलतो. 'हय गळता, पण थोडासाच,' 'हय एकदा जनावर निघाला होता, पण ता बिनविषारी.' असल्या प्रेमानं माझे दोन व्यवहार मेलेले होते. म्हणून मी काकींना सांगून ठेवलं, "गिऱ्हाईक आलं की तुम्ही मांगरात बसायचं." मांगर म्हणजे घरामागची गवत आणि लाकूडफाटा ठेवायची खोप. काकी निमूट जाऊन बसायच्या.

पहिलं गिऱ्हाईक कुडाळचे एक व्यापारी. घर बघायला दिवस चांगला हवा म्हणून ते माघी पौर्णिमेला आले. आमच्याकडे सगळेच असे. अवसेला कुणी घर बघणार नाही, अष्टमी कुणाच्या लक्षातही नसते, पुनव म्हटली की सगळे टोपी घालून निघतात. मी एकेक खिडकी उघडत, नाटकातला पडदा सरकवावा तसं घर दाखवलं. शेवटी विहिरीवर नेऊन कळशी ओढली. "आता हे पाणी प्या आणि मग बोला!"

व्यापाऱ्यांनी घोट घेतला आणि थेट माझ्या नव्या धोतरावर थुंकला.

"हे गोड?"

मी हसलो. पान खाऊन आलेल्या माणसाच्या जिभेचं काय ते! मी स्वतः घोट घेतला. पाणी मचूळ. समुद्रात बुडताना नाकातोंडात जातं तितकं नव्हे, पण भात शिजवला तर मीठ घालायला नको इतकं. व्यापारी निघून गेले आणि मी कळशी हातात धरून उभा राहिलो. आठवड्यापूर्वी मी जे प्यालो ते काय होतं?

काकींना काही सांगितलं नाही. "गिऱ्हाईक विचार करतंय," एवढंच म्हटलं. पाणी खारट झालं हे कळलं तर त्या घाबरून भाव पाडतील, आणि माझे सात हजार...! आठ दिवसांनी कुणाला न सांगता मी परत गेलो. विहिरीत कळशी सोडली, चाखलं. शहाळं!

आता मात्र माझं डोकं फिरलं. शेजारी काकींचे दीर राहत. घर फुकटात पडावं अशी त्यांची इच्छा जगजाहीर होती. माझी खात्री पटली की हाच माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी विहिरीत मीठ टाकतो. पण किती मीठ टाकावं लागेल? मी विहिरीचा घेर मोजला, खोली मोजली, गणित केलं. बैलगाडी भरून मीठ लागलं असतं. दिरांकडे बैल नव्हता.

मग मी मालवणला घरी दोन बाटल्या पाणी जमवलं. एक पुनवेचं खारट, व्यापारी गेल्यावर पोरांच्या औषधाच्या बाटलीत भरून आणलेलं, एक आत्ताचं गोड. फडताळात शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोणती कुठली ते विसरलो. रात्री जेवायला बसलो तर आमची सौभाग्यवती म्हणाली, "ओ, ऐकलात? फडताळातला पाणी मी पेजेत घातलंय. एका बाटलेत मीठ आसा की काय?"

"कुठल्या बाटलीत?"

"दोन्ही बाटल्यो एकाच टोपात रिकाम्यो केलंय. बाटल्यो होयो होत्यो माका."

ती पेज मी तीनदा चाखली. पहिल्यांदा गोड, दुसऱ्यांदा खारट, तिसऱ्यांदा नुसती पेज. माणसाची जीभ ही काही तराजू नव्हे, हे मला त्या रात्री कळलं. पण धंदा तर मी जिभेवरच उभा केला होता!

दुसरं गिऱ्हाईक होळीला आलं. दाजी कुबल त्यांचं नाव. तीस वर्षं आगबोटीवर स्वयंपाकी होते, आता निवृत्त होऊन खाडीकाठी घर शोधत होते. तळहात परातीएवढे, आवाज भोंग्यासारखा. शिमग्याला गावात आले होते, आणि होळीची पुनव म्हणजे दिवस उत्तम! ज्या माणसानं तीस वर्षं दीडदोनशे खलाशांच्या आमटीचं मीठ ठरवलं, त्याच्यासमोर मी कळशी धरली. त्यांनी तोंड धुवावं तसं पाणी चुळकाभर घेतलं, जिभेच्या शेंड्यावर, मग बाजूला, मग मागे फिरवलं.

"नाना," ते म्हणाले, "ह्या पाण्यात डाळ शिजाची नाय."

"दाजीनू, हे पाणी गोड आहे. म्हणजे असतं. म्हणजे मी प्यालोय."

"कधी?"

"तीन आठवड्यांपूर्वी."

"मगे ता तू खंयच्या घरात प्यालंस?"

खरंच, माझी मलाही शंका यायला लागली होती. दाजींनी माडांकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, घराच्या ओसरीवर जरा वेळ बसले. घर त्यांना आवडलं होतं, हे धंदेवाल्याला कळतं. गिऱ्हाईक बसलं की समजावं, घर आवडलं. पण शेवटी उठले. "खोटा बोलणारा घर नुको माका," म्हणाले आणि गेले. खोटं घर बोलत होतं की मी, हे मला त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर घर शिळं व्हायला लागलं. आचऱ्यात कुजबूज सुरू झाली की चंद्राकाकींच्या विहिरीवर काहीतरी आहे, माणूस बघून पाणी बदलतं. मालवणच्या मासळीबाजारात मी बांगडे घ्यायला गेलो तर आमची नेहमीची मासेवाली सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "नानानू, इकला काय ता आचऱ्याचा घर? बांगडो असतो तर एव्हाना माडाच्या मुळात पुरलो असतो!" सगळा बाजार हसला. दिरांनी निरोप पाठवला की साडेतीन हजाराला घेतो, उपकार म्हणून. चैत्र उजाडला. अक्षय्य तृतीया महिन्यावर आली. मुंबईहून काकींच्या मुलाचं पत्र आलं की खोलीवाला दुसऱ्या माणसाशी बोलू लागला आहे.

आता सात हजाराचं नाव काढायला मला तोंड नव्हतं. चैत्रातली अष्टमी होती. मी काकींकडे निघालो, ते सगळं कबूल करायला. साडेतीन हजार घ्या म्हणायचं की नका म्हणू म्हणायचं, हेच मला ठरवता येत नव्हतं. वाटेत दोनदा मागे वळलो.

अंगणात पोचतो तर विहिरीवर दाजी कुबल! स्वतःच कळशी ओढत होते.

"दाजीनू, तुम्ही इथे कसे?"

"झोप नाय माका," ते म्हणाले. "तीस वर्षांत माझी जीभ एकदाय चुकूक नाय. आणि तू मेल्या अडखळत अडखळत सांगी होतंस की पाणी गोड. म्हटलंय, खोटारडो असो घाबरत नाय. हो कोण तरी खुळो आसा, नायतर खरो. बघून येवया."

त्यांनी घोट घेतला. तसाच तोंडात धरून माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे झाले. गिळला. कळशी माझ्याकडे दिली. मी प्यालो.

शहाळं.

आम्ही दोघं विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. दाजी एकदम हळू आवाजात म्हणाले, "नाना, हय काय तरी आसा रे."

एवढ्यात मागून काकी आल्या, काखेत घागर. मांगरात बसायची वेळ त्यांना कुणी सांगितली नव्हती. "काय झाला? दोघाय असे कित्याक उभे? जनावर पडला काय बावडेत?"

मग मी सगळं सांगून टाकलं. माघी पौर्णिमेचा व्यापारी, धोतर, दिरांचं मीठ, बाटल्या, पेज, होळी. काकी ऐकत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही येत गेलं की जणू मी सांगतोय, मी सूर्याला रात्री शोधायला गेलो होतो.

"पुनवेक पाणी काढलात?" त्या म्हणाल्या. "दुपारच्या भरतेर? उन्हाळ्यात? अरे, पुनवेक नि अवसेक कोण पाणी काढता रे हय! खुळे काय तुमी!"

दाजींनी कपाळावर असा हात मारला की माडावरचा कावळा उडाला.

गोष्ट इतकी सोपी होती. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं, खाडी फुगते, आणि थंडी सरल्यापासून पावसापर्यंत त्या दिवसांत भरतीचं पाणी जमिनीतून झिरपून विहिरीत उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, भरती मंद, खाडी आपल्या जागेवर, विहीर गोड. मी दर खेपेला सवडीनं भांगेला जात होतो आणि गिऱ्हाइकं चांगला दिवस बघून उधाणाला येत होती. काकी चाळीस वर्षं तिथे राहिल्या, त्यांच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पुनवेच्या आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवायची, दोन दिवस बावडेकडे बघायचं नाही, झालं. भात कसा शिजतो हे कुणी घर विकताना सांगतं का?

"पण काकी, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलात खंय? तुमी आपले डोळे मिटून पाणी पी होतात. मी म्हटलंय, मंत्र म्हणतत."

दाजी पोट धरून हसले. मग एकदम थांबले. इतकी वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्यांना पुढचा प्रश्न आपोआप सुचला. "काकी, पण सगळ्याच पुनवांका सारख्या नसतला. माघातली वेगळी, वैशाखातली वेगळी. कधी एक दिस, कधी तीन. ता कसा कळता?"

"ह्यांनी लिवन ठेवला होता," काकी म्हणाल्या. "लगीन होवन मी इलंय त्या वर्सापासून. प्रत्येक उन्हाळ्याची एक वळ. रेघ म्हणजे गोड, गोळो म्हणजे नाय काढूचा. पाऊस कमी पडलो तर गोळे किती, बरो पडलो तर किती, सगळा."

"खंय आसा ता?"

काकींनी पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बोट दाखवलं.

मी कमरेचा चाकू काढला. खांब खरवडायचा तोच. भिंतीचा चुना एका कोपऱ्यात हलक्या हातानं खरवडून पाहिला. चुन्याबरोबर कोळसाही आला. पुन्हा जरा पुढे पाहिलं. तिथेही तेच.

दाजींनी माझा हात धरला. "सोड, नाना. ह्या घराची पोथी होती ती. तूच पुसलंस."

मी धंद्यात पुष्कळ वेळा खोटं हसलोय आणि खोटं रडलोय. त्या भिंतीपुढे मला दोन्ही जमेना.

जरा वेळानं दाजी विहिरीच्या कठड्यावर बसले. बसले म्हणजे, मी वर सांगितलंच आहे. "बरा, आता भाव?"

मी घसा साफ केला आणि उठून एक पाऊल पुढे टाकलं. काकी शांतपणे म्हणाल्या, "नानानू, तुमी जरा मांगरात जावन बसा."

मी गेलो. गवताच्या भाऱ्यावर बसून ऐकायचा प्रयत्न केला, पण दाजींचा भोंगा त्या दिवशी कधी नव्हे तो बारीक झाला होता. मध्येच काकींचं हसू ऐकू आलं. मध्येच बराच वेळ काहीच नाही. मला कळेना की ठरतंय की मोडतंय. माझ्या पायावरून दोन कोंबड्या गेल्या. चाकूला लागलेला चुना मी गवताला पुसत बसलो.

बोलावलं तेव्हा सगळं ठरलं होतं. साडेपाच हजार. शिवाय काकींनी चैत्री पौर्णिमा होईपर्यंत घरात राहायचं आणि आठवतील तेवढ्या वर्षांच्या ओळी त्या भिंतीवर पुन्हा काढून द्यायच्या. त्याचा वेगळा भाव नाही.

खरेदीखत करायला मालवणच्या कचेरीत गेलो. कारकून शुद्ध मराठीत चतुःसीमा वाचत होता. पूर्वेस खाडी, पश्चिमेस वाट, माड बत्तीस, विहीर एक. दाजींनी टेबलावर तळहात ठेवला. "विहीर एक, त्याच्याफुडे लिहा, पाणी तिथीप्रमाणे."

कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो, विहीर आहे की श्राद्ध?"

"लिहा तुम्ही. आमका समाजता."

त्यानं नाइलाजानं लिहिलं. तो कागद आजही कुठल्यातरी कपाटात असेल आणि वाचणारा प्रत्येकजण माझ्यासारखाच गोंधळत असेल.

सह्या झाल्यावर दाजींनी मला कचेरीच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं. "नाना, तुका म्हणान सांगतंय. ती भिंत पुसूक नसतंस ना, तर मी सात हजारय दिले असते. हसत."

ते विडी आणायला गेले आणि काकी आल्या. "नानानू, तुमका म्हणान सांगतंय. दाजी पाचार अडले असते ना, तर पाचाकय मी दिला असता. मनात तेच धरून बसलेलंय."

मग खरा भाव कुठला? घेणारा म्हणतो सात, विकणारी म्हणते पाच, व्यवहार झाला साडेपाचला, आणि दोघंही खूश. मी सुरुवातीलाच सांगितलं, दोघंही कुरकुरत गेले तर भाव बरोबर. मग हा चुकला म्हणायचा? कमी पडला की जास्त? वर्षं झाली, मी अजून त्या व्हरांड्यातच उभा आहे असं मला कधी कधी वाटतं. एवढं मात्र कळलं आहे की त्या भिंतीची किंमत दीड हजार होती, आणि ती मी एका दिवसात पाच आण्यांच्या चुन्यानं बुजवली. मास्तरांकडे सागवान बघायला विसरलो, इथे माणसाला विचारायला विसरलो. आता कुठल्याही घरी गेलो की खांब नंतर खरवडतो. आधी पाणी कोण भरतं ते विचारतो आणि त्या बाईसमोर पाय दुमडून बसतो. भाव अजूनही चुकतात, पण निदान का चुकले ते कुणीतरी सांगतं.

काकी अक्षय्य तृतीयेच्या आधी मुंबईला पोचल्या. खोली मिळाली. गेल्या श्रावणात त्यांचं पत्र आलं, सुनेच्या हातचं, पण शब्द त्यांचेच.

"नानानू, हयल्या नळाकय भरती-ओहोटी आसा. कधी येता, कधी जाता, कोणाक समाजत नव्हता. मी मोरीच्या भिंतीर कोळशान खुणो करूक लागलंय. पयली सून रागावली, भिंत खराब होता म्हणान. आता सगळ्या मजल्यावरच्यो बायलो सकाळी बघूक येतत. आमच्या शेजारची खोली इकूक काढली आसा, तेंका मी तुमचा नाव सांगलंय. भाव काय सांगूचो ता कळवा. आणि हय येशात तर मोरीच्या भिंतीक चुनो मारूक सांगा नुको."

मी उलट टपालानं कार्ड टाकलं: "काकी, भाव तुम्हीच ठरवा. मी मांगरात बसलो आहे."